अक्काची शुभ सकाळ

लोकांचे स्टेटस बघून त्यांच्या घरात काय शिजतंय ते हिला कळतं, असं आमच्याकडे सगळे माझ्याबद्दल चेष्टेनं म्हणतात. चेष्टा असली तरी त्यात तथ्य आहे. नांदेडच्या जुन्या भागात, एका बोळात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मशीनवर कोपर टेकते, फोन उघडते आणि एकेकाचे स्टेटस बघत बसते. माझा स्वभाव मुळातच काळजीखोर. कोणाचं काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि कळलं की अजिबातच पडत नाही.

नवरा-बायकोचा गालाला गाल लावलेला फोटो भल्या सकाळी पडला की समजावं, आदल्या दिवशी जोरात वाजलेलं आहे. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘इथे कोणी कोणाचं नसतं’ असं आलं, तर ते जगाला उद्देशून नसतं, जावेला उद्देशून असतं. माझ्या एका चुलत दिरानं अचानक पहाटे फिरायला गेल्याचे फोटो टाकायला सुरुवात केली, तेव्हाच मी म्हटलं होतं की याला डॉक्टरनं साखर सांगितलेली दिसते. निघालीच. लोक जे दाखवतात त्याच्या शेजारीच ते लपवलेलं ठेवतात, आणि आपण जरा मान वाकडी केली की ते दिसतं, असा माझा पक्का समज होता.

अक्का माझी थोरली बहीण. ती लातूरला राहते. शाळेत शिक्षिका होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी गेल्यापासून घरात एकटीच, आणि एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. आमच्या माहेर-सासरच्या एकत्र ग्रुपवर नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर अशी चहूकडची माणसं आहेत. त्या ग्रुपची अक्का म्हणजे हेडबाईच. कोणी खोटीनाटी बातमी पुढं ढकलली की ती स्वतः लांबलचक मजकूर टाइप करून त्याला जागेवर बसवायची. कोणाच्या लेकराला चांगले मार्क पडले की त्याला सविस्तर शाबासकी लिहायची. फुलापानांची चित्रं पाठवणाऱ्यांना तिनं एकदा सुनावलं होतं, की बाबांनो, सकाळ शुभ आहे का नाही ते दार उघडून बघा, मला चित्र कशाला पाठवता.

आणि गेल्या दिवाळीनंतर तीच रोज शुभ सकाळ पाठवायला लागली. कधी उगवता सूर्य, कधी गुलाबावर दव, कधी वाफाळती कपबशी. त्याखाली स्वतःचं एक अक्षर नाही. कोणी काही विचारलं तर अंगठा, नाहीतर जोडलेले हात. मजकूर बंद, शाबासकी बंद, भांडणही बंद.

याचा अर्थ सगळ्यांनी लगेच लावला, आणि तो लावायला कारणही होतं. त्याच सुमारास देगलूरला पुतण्याचं लग्न झालं होतं. स्टेजवर घरच्या सगळ्यांचा फोटो निघत होता, तेव्हा वरून दोघातिघांनी हात करून अक्काला बोलावलं. ती पहिल्या रांगेत, समोरच बसलेली. तिनं तिकडं बघितलं आणि बसूनच राहिली. जेवणाच्या वेळी उदगीरच्या चुलत वहिनी समोरून आल्या, हसल्या, आणि ही त्यांच्या बाजूनं सरळ पुढं निघून गेली. झालं. अक्का रुसली, अक्काला मानपान कमी पडला, असं बोललं जाऊ लागलं. त्यानंतर ग्रुपवरची ती बिनशब्दांची चित्रं आली, तेव्हा सगळ्यांची खात्रीच पटली. मलाही तसंच वाटलं. रागावलेलं माणूस रोज न चुकता फूल पाठवतं पण बोलत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलेलं होतं.

मग माझ्या नवऱ्याचा साठावा वाढदिवस आला.

देगलूरच्या पुतण्यानं सकाळीच ह्यांचा छान फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली शुभेच्छा लिहिल्या. लगेच त्याच्याखाली अक्काचं चित्र आलं. झेंडूच्या माळा, मधोमध तेवती समई, आणि ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

आता आमच्या ग्रुपची एक रीत आहे, आणि ती फक्त आमच्याच ग्रुपची नसावी. शेवटचं जे दिसतं तेच आपणही लिहायचं. वर जाऊन वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण वाचेपर्यंत दुसरे पुढं जातात आणि आपलं नाव मागं राहतं. वर ह्यांचा फोटो, खाली समई. पुढच्या काही मिनिटांत सगळं घराणं श्रद्धांजली वाहून मोकळं झालं. कोणी ‘मन सुन्न झाले’ लिहिलं, कोणी ‘देव दुःख सहन करण्याची शक्ती देवो’. हिमायतनगरच्या मामेसासऱ्यांनी थेट फोन लावला, आणि तो उचलला ह्यांनीच. ह्यांचा आवाज ऐकून ते आधी रडले आणि मग भडकले. बिलोलीची नणंद तर नांदेडच्या बसमध्ये बसलेली होती, तिला फोन करून नरसीला उतरवलं. हे मात्र मजेत. चहा पीत एकेक श्रद्धांजली मोठ्यानं वाचत होते आणि कोणी कोणी आपल्याला ‘देवमाणूस’ म्हटलंय त्याची मला आठवण करून देत होते.

मला हसू येईना. थोड्या वेळानं धाकट्या जावेचा फोन आला. तिचं म्हणणं, हे मुद्दाम केलेलं आहे, रागाच्या भरात माणूस कुठल्या थराला जातं बघा. मी तिला झापलं आणि फोन ठेवला. पण एक गोष्ट मला खुपत होती. एवढा गोंधळ उडाला, पुतण्यानं खाली चारदा लिहिलं की काका सुखरूप आहेत, तरी अक्कानं ते चित्र काढून टाकलेलं नव्हतं. साधा एक ‘क्षमस्व’सुद्धा नाही. जी बाई एका चुकीच्या आकड्यासाठी सगळ्यांची माफी मागायची, ती गप्प होती.

मी तिला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला आणि आवाज अगदी खुशीतला. म्हणाली, “पाव्हण्यांला माझं चित्र पोचलं का? झेंडूची फुलं हायती बघ त्यात. लई शोभून दिसतंय.”

 मी काहीतरी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या वाक्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, काही नव्हतं. तिला खरोखरच वाटत होतं की तिनं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत.

आमची आई शेवटची काही वर्षं आम्हाला ओळखत नव्हती. तिचं सुरू झालं तेही असंच, हसण्यावारी नेण्यासारख्या चुकांनी. चहात मीठ, देवघरात चप्पल. आम्ही हसलो होतो. मग एके दिवशी तिनं अक्कालाच विचारलं, की तू कोणाची गं. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मला दुसरं काही सुचेना. अक्का आईच्या वाटेनं निघाली आहे, आणि लातूरला त्या घरात ती गॅस, पाणी, कुलूप यांच्यासोबत एकटी आहे. 

मी ग्रुप उलटा वाचायला घेतला. दिवाळीपर्यंत मागं गेले. एकदा शंका आली की सगळंच जुळायला लागतं. एकाच दिवशी दोनदा शुभ सकाळ. भाचीला मुलगी झाली तेव्हा अभिनंदनाच्या जागी रडका चेहरा. संक्रांतीच्या दिवशी राखीपौर्णिमेचं चित्र, तेही तिळगुळासारखंच पिवळं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते अक्काच्या रागाच्या खात्यात टाकलं होतं. आता मी तेच सगळं उचलून आईच्या दुखण्याच्या खात्यात टाकत होते, आणि तिथंही ते चपखल बसत होतं.

हे म्हणाले, पुण्याच्या भाच्याला कळव. बरोबरच होतं त्यांचं. पण भाऊजी गेले तेव्हाच भाच्यानं बजावून ठेवलं होतं, की आई, जरा काही झालं की मी तुला इकडं घेऊन येणार. त्याच्या मनात मायाच होती. पण अक्का एकदा महिनाभर पुण्याला राहून आली होती आणि म्हणाली होती, की तिथं उंचावरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, हाक मारावी तर कोणाला. लातूरच्या गल्लीत तिला दारातून जाणारी भाजीवाली, शेजारणी, सोमवारी सिद्धेश्वराला सोबत येणाऱ्या बायका, सगळं होतं. मी एक फोन केला असता तर आठवड्याभरात त्या घराला कुलूप लागलं असतं. म्हणून आधी आपल्या डोळ्यांनी बघू असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाले.

बस लोह्याच्या पुढं गेली असेल नसेल, फोन वाजला. अक्काचं शुभ सकाळ. डोंगरामागून वर येणारा सूर्य. एरवी मी जोडलेले हात टाकून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी ते चित्र मोठं करून करून बघितलं, जणू कोपऱ्यात कुठंतरी तिचं दुखणं लिहिलेलं असेल. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, माझं लक्ष बाहेर नव्हतंच.

तिच्या घराचं दार उघडं होतं. ती समोरच खुर्चीत बसलेली, तोंड माझ्याकडे. मी मुद्दाम काही न बोलता उंबऱ्यात उभी राहिले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “कोण? दूधवाले का?”

 तोंडातून कसंबसं “अक्का” एवढंच निघालं.

“अगं तू होय,” म्हणत ती उठली. “फोन करून यायचं न्हाई का. तुझ्यासाठी भाकरीसंगं पेंडपाला तरी करून ठेवला असता.” आणि मग ती नेहमीसारखी सुरूच झाली. ह्यांचे गुडघे कसे आहेत, मशीनची मोटर बदलली का, समोरच्या चुडीवाल्या भाभीच्या लेकीचं ठरलं का. सगळं तिच्या लक्षात होतं. मी चहा पिता पिता गुपचूप तिची परीक्षा घ्यायला लागले. जुन्या वाड्यांतले भाडेकरू, मावशांची लग्नं, कोण कोणाच्या पाठचं. मी जिथं अडखळत होते तिथं ती मला दुरुस्त करत होती. आई आजारी असताना कुठली औषधं चालू होती तेही तिनं क्रमानं सांगितलं. आईसारखं तिचं काही झालेलं नव्हतं, हे संध्याकाळपर्यंत मला मान्य करावं लागलं. मग झालंय काय, हे कळत नव्हतं, आणि ते न कळणं मला आदल्या दिवसाच्या भीतीपेक्षा जास्त छळत होतं. तिनं चहा ओतताना कपाच्या काठाला आतून बोट लावलं होतं, ते मी बघितलं होतं. पण बघूनही मला त्यातून काही उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून पूजेला बसली. आमच्याकडे इष्टलिंगाची पूजा असते. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं आणि नजर त्याच्यावर ठेवायची. लहानपणी वडील आम्हा दोघींना शेजारी शेजारी बसवायचे आणि सांगायचे, की बाकी मंत्र चुकला तरी चालेल, नजर हलता कामा नये. माझी सारखी हलायची. अक्काची कधीच हलली नाही.

त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. अक्कानं कपाळाला भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं, आणि मान खिडकीकडे वळवली. हात समोर, तोंड भलतीकडे. मग तिनं हात हळूच डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत मध्ये आणला. मान तिरपी करून ती त्या हाताच्या आजूबाजूला काहीतरी शोधत होती. आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

पूजेत बोलू नये, तरी मी आत जाऊन तिच्याजवळ बसले आणि काय होतंय म्हणून विचारलं. तिनं तळहात माझ्यापुढं धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तळहात दिसतोय गं. मधलं लिंग दिसत न्हाई.”

मला कळलं नाही म्हणून तिनं परत सांगितलं. कडेकडेचं सगळं दिसतं, चालता येतं, रंग कळतात. पण जिथं बघावं तेवढंच पुसलं जातं. समोरच्या माणसाचे कपडे दिसतात, चेहरा नाही. पान दिसतं, ओळ नाही. दिवाळीच्या आसपास सुरू झालं. तिला वाटलं नंबर वाढला असेल, म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा चष्मा करून आणला. त्यानं काही झालं नाही. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर म्हणणार सोबत कोणाला तरी आणा, आणि सोबत आणायचं म्हणजे मुलाला कळणार.

खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आईचं दुखणं नव्हतं, अक्का अक्काच होती. तो सुटकेचा श्वास पुरता सोडायच्या आतच दुसरी भीती आली. हे किती पुढं गेलंय, आणि अजून थांबवता येईल का.

देगलूरच्या स्टेजवरून हलणारे हात तिला दिसले होते, ते कोणाचे आणि कोणासाठी हे कळलं नव्हतं. उदगीरच्या वहिनींची हिरवी साडी तिला अजून आठवत होती. शेजारणीकडून रोज येऊन साठलेल्या ढीगभर चित्रांतलं एखादं ती रंगावरून निवडायची आणि पुढं धाडायची. लाल असलं की अभिनंदन, पिवळं असलं की सण नाहीतर वाढदिवस, केशरी असलं की सकाळ. मी तिला श्रद्धांजलीचं सांगितलं. सांगणं भाग होतं.  तिनं आधी ह्यांना काय वाटलं असेल असं विचारलं, मी ह्यांची मजा सांगितली तेव्हा जरा हसली. मग तिनं विचारलं की एवढे दिवस हे असं चाललंय तर एकानंही मला फोन करून का विचारलं नाही. मी म्हटलं, सगळ्यांना वाटलं तू रागावलीस. 

भाच्याला सांगू नकोस, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आधी दवाखाना, मग बाकीचं. ती नको नको म्हणत होती, पण चप्पल घालत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. थेंब घालून बसवलं, मग आत घेतलं. डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. त्यांनी तिच्यासमोर चौकटी आखलेला एक कागद धरला आणि एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मला तो ठिपका लांबूनही दिसत होता. अक्का म्हणाली, ठिपका कुठाय? मग दुसरा डोळा झाकला. या डोळ्यानं ठिपका धुरातून दिसावा तसा पुसट दिसला, पण रेघा वाकड्या आहेत म्हणाली, कुणीतरी कागद चुरगाळलाय.

डॉक्टरांनी मग मशीनवर फोटो काढले आणि आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बिघाड आहे. डाव्या डोळ्यात तिथं डाग पक्का झालाय, तो आता जाणार नाही. उजवाही मध्ये धूसर झालाय, पण तिथं डाग अजून पक्का नाही. त्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, पहिलं आजच, मग दर महिन्याला. चुकवली नाहीत तर उजवा टिकेल. मी विचारलं, दिवाळीला आलो असतो तर? ते म्हणाले, डावाही बराचसा वाचला असता कदाचित. आवाजात दोष देणं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

दर महिन्याला घेऊन कोण येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं मी येईन. ते म्हणाले, या, पण मुलगा असेल तर त्याला आजच कळवा, इंजेक्शन डोळ्यात द्यायचंय.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. थेंबांमुळं अक्काला उजेड सहन होत नव्हता, तिनं पदर डोळ्यांवर ओढला होता. मला वाटलं ती परत नको म्हणेल. तिनं पदराआडूनच सांगितलं, लाव फोन. मी स्पीकर चालू करून भाच्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. डावा डोळा गेला, हे मी दोनदा सांगितलं.

 तो म्हणाला, “पण आई, तुझं शुभ सकाळ तर रोज यायचं. मी उठलो की आधी तेच बघायचो. वाटायचं, आई मजेत आहे.”

“म्हणूनच पाठवीत होते रे,” अक्का म्हणाली. “तू बघायला येऊ नयेस म्हणून.”